रिकामे पान

आमच्या बँकेत 'डिफॉल्ट' या शब्दाला फार वाईट वास होता. ज्याचे हप्ते थकले तो डिफॉल्टर. 34 वर्षे मी हा शब्द दबक्या आवाजातच उच्चारला. त्यामुळे माझा भाचा एका रविवारी चहा पिता पिता सहज म्हणाला, "मामा, तुमचा सगळा घोळ डिफॉल्टमुळे आहे," तेव्हा माझ्या हातातली बशी हिंदकळली. सौ. स्वयंपाकघरातून तातडीने बाहेर आली. कुणाचे किती थकवलेत, हा प्रश्न तिने विचारला नाही. पण तो तिच्या चेहऱ्यावर ठळक टाइपात छापलेला होता.

भाचा संगणकातला आहे. दिवसा तो एका कंपनीचे काम करतो आणि रात्री फुकटचे करतो. फुकटचे काम तो अधिक मन लावून करतो, हे त्याच्या आईचे दुःख आहे. त्याने समजावून सांगितले, "आपण काहीच ठरवलं नाही तर यंत्र आपल्या मनाने जे ठरवतं, ते डिफॉल्ट."

"म्हणजे लग्नानंतरचं माझं आयुष्य," मी म्हणालो. सौ. परत आत गेली.

विषय निघाला होता तो माझ्या तक्रारीवरून. फोनवरच्या ज्या मोठ्या बाजारात सगळे जग जाते, तिथे मीही जात होतो. गेलो होतो जुन्या मित्रांची खुशाली विचारायला. दिसायची मात्र गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात आणि अनोळखी माणसांची भांडणे. मी तेलही मागितले नव्हते आणि भांडणही. (भांडण मला घरी मिळते.) भाच्याचे म्हणणे असे, की हे सगळे मालकाने मुद्दाम मांडून ठेवलेले असते. आपण जितका वेळ तिथे तंडत बसू, तितका त्याचा गल्ला भरतो.

"त्यापेक्षा आमच्याकडे या," तो म्हणाला.

'आमच्याकडे' म्हणजे ज्या व्यासपीठासाठी तो रात्री जागतो ते. गावाचे नाव सांगत नाही, माणसे फार चांगली आहेत. तिथे मालक नाही, जाहिरात नाही. कार्यक्रमाची सगळी आतली लिखापढी, ज्याला ते लोक सोर्स म्हणतात, ती कुणीही वाचावी, सुधारावी, घरी न्यावी. आणि सगळे एकाच ठिकाणी राहतात असेही नाही. लहान लहान सर्व्हर असतात, जणू गावेच. प्रत्येकाचा कारभार वेगळा, पण या गावचा माणूस त्या गावच्या माणसाशी बोलू शकतो. त्यासाठी सगळ्यांनी मिळून एक भाषा ठरवली आहे, तिचे नाव ॲक्टिव्हिटीपब. वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने 2018 साली तिला रीतसर मान्यताही दिली. ऐकून मला भरून आले. हे तर माझ्या शाळेच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले खेडे होते!

मी एकटा जाणार नव्हतो. आमच्या शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. 1974 साली नोकरीला लागले, 2012 साली सुटले. मुलगा अमेरिकेत. गेल्या वर्षी वहिनी गेल्या, तेव्हापासून त्यांची संध्याकाळ फार लांब झाली आहे. दिवा लावायची वेळ झाली की ते आमच्याकडे येतात, तेच वर्तमानपत्र पुन्हा वाचतात आणि जाताना म्हणतात, "चला, उद्या येतो." जुनी टपाल तिकिटे, पोस्टाचे शिक्के, गावांची बदललेली नावे हा त्यांचा जीव की प्राण. त्यावर बोलायला समानधर्मी माणूस हवा. मी ऐकतो, पण मला शिक्का फक्त बँकेचा कळतो. तेव्हा मीच त्यांना म्हणालो, "चला, नव्या गावी जाऊ. तिथे जगभरची माणसं आहेत."

आम्ही दोघे फोन घेऊन ओसरीवर बसलो. वेशीवरच पाटी : "सर्व्हर निवडा."

खाली भलीमोठी यादी. एक सर्व्हर मांजरप्रेमींचा, एक सायकलवाल्यांचा, एक संगणक लिहिणाऱ्यांचा, एक जर्मन बोलणाऱ्यांचा. मला मांजर चालत नाही, माझी सायकल फार पूर्वी देवळासमोरून गेली आणि जर्मन भाषेशी माझा संबंध होमिओपॅथीच्या बाटलीवरच्या नावांपुरता. अकरावीच्या प्रवेशाचे अर्ज भरताना मुलांच्या तोंडावर जे भाव असतात, ते आमच्या दोघांच्या तोंडावर आले. शेवटी जो सर्व्हर त्यातल्या त्यात सोज्वळ वाटला तो धरला. त्याने विचारले, "आपण इथे का येऊ इच्छिता?" पोस्टमास्तरांनी चष्मा पुसला, विचार केला आणि लिहिले, "घरी कोणी नसते म्हणून." मी त्यांना ते खोडायला लावले आणि 'टपाल तिकिटांचा अभ्यास' असे घातले. आता वाटते, पहिलेच राहू द्यायला हवे होते.

दोन दिवसांनी प्रवेश मंजूर झाला. पत्ता मिळाला, त्यात 'ॲट'चे ते गोल चिन्ह दोनदा. एकदा माणसाच्या नावाआधी, एकदा गावाच्या. पोस्टमास्तर खूश झाले. म्हणाले, "पत्ता पक्का आहे. माणूसही आहे, मुक्कामही आहे." मोठ्या उत्साहाने त्यांनी आत पाऊल टाकले.

आत काही नव्हते.

पांढरे स्वच्छ पान. वर एक ओळ : "तुम्ही अजून कुणाचेही अनुसरण करत नाही." आजूबाजूला दहा-बारा चिन्हे, ज्यांचा अर्थ चिन्हे काढणाऱ्यालाच ठाऊक. मी आपला कंटाळून फोन मिटला. पोस्टमास्तरांनी मात्र पोस्टाच्या रीतीने वाट पाहिली. पहिल्या दिवशी डाक नाही आली तर दुसऱ्या दिवशी येते, हा त्यांचा 38 वर्षांचा अनुभव. रोज दिवेलागणीला चहा घेऊन ते त्या पानासमोर बसत. पाचव्या दिवशी त्यांनी फोन खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "खिडकीत बसून जन्मभर लोकांना सांगत आलो, 'आज तुमचं काही नाही.' ऐकणाऱ्याला कसं वाटतं ते आत्ता कळलं."

त्या रविवारी भाचा आला तेव्हा मी त्याला फैलावर घेतले.

"पण मामा, सगळी सोय आहे!" तो म्हणाला. "सेटिंगमध्ये जायचं."

आमच्या काळी सेटिंग हा शब्द बदली टाळण्याच्या संदर्भात वापरत. इथे तो प्रत्येक प्रश्नाचे उत्तर म्हणून वापरतात. अक्षर लहान? सेटिंग. परकी भाषा दिसते? सेटिंग. माणसे दिसत नाहीत? शोधाच्या चौकटीत पत्ता घाला, खूणशब्दांचे अनुसरण करा, मग सेटिंग. भाच्याने स्वतःचा फोन दाखवला. काय बहार होती! गप्पा, चित्रे, विनोद, कुणाच्या तरी बागेतला टोमॅटो. सहा वर्षांत त्याने आपले घर इतके लावून घेतले होते, की नव्या माणसाला तिथे नुसत्या भिंती दिसतात हे तो साफ विसरला होता.

इतका वेळ सौ. गवार मोडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पाहुणा आला की मी त्याला फडताळ उघडून दाखवते का? साखर हवी तर दुसऱ्या खणात आणि गाळणं खिळ्याला, असं सांगते का? आधी कप पुढे करते. साखर कमी-जास्त ते मग विचारते."

भाचा गप्प झाला. संगणकाच्या पदव्या घेतलेला माणूस गवारीपुढे गप्प होतो, हे दृश्य पाहण्यासारखे असते.

मला एकदम आमच्याकडची पंगत आठवली. पान मांडले की मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी. कुणी विचारत नाही. ज्याला चटणी नको तो ती बाजूला सारतो. त्याच्या स्वातंत्र्याला कुठे बाधा येत नाही. डिफॉल्ट म्हणजे दुसरे काय? वाढलेले पान. बाजारातला मालक पान वाढतो ते स्वतःच्या फायद्यासाठी; आणि हे भले लोक, कुणावर जबरदस्ती नको म्हणून, वाढतच नाहीत. पाहुण्यापुढे केळीचे रिकामे पान टाकून म्हणतात, "स्वयंपाकघर तुमचंच आहे!"

भाच्याने हळूहळू कबूल केले, की हा त्यांच्या गोत्राचाच जुना आजार आहे. 2010 साली न्यूयॉर्कच्या चार विद्यार्थ्यांनी डायस्पोरा नावाचे असेच व्यासपीठ काढायचे ठरवले. लोकांकडे 10 हजार डॉलर मागितले, लोकांनी 2 लाखांहून अधिक दिले. तिथेही आधी 'पॉड' निवडा. पॉड म्हणजे काय, हे विचारायला माणूस सापडायचा तो पॉडच्या आत!

पुढे 2016 साली जर्मनीतल्या ऑयगन रोख्को या तरुणाने मॅस्टोडॉन सुरू केले. नाव नामशेष झालेल्या हत्तीवजा प्राण्याचे. तिथे लिहिणाऱ्यापुढे तीन-चार रकाने शेजारी शेजारी उघडत, रेल्वेच्या वेळापत्रकासारखे. जून 2019 मध्ये त्यांनी नव्या माणसासाठी एकच रकाना ठेवला. ज्याला अनेक हवेत त्याच्यासाठी ते सेटिंगमध्ये शिल्लक राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्विटरवर रागावून भारतातले बरेच लोक तिकडे गेले, त्यांत माझा एक मित्र होता. तिथे लेखाला हत्तीच्या आवाजावरून 'टूट' म्हणत आणि बटणावरही तेच. मित्राला हिंदी चांगले येते. 'टूट' दाबले तर काही तरी तुटेल, या भीतीने त्याने महिनाभर काही लिहिलेच नाही. 2022 च्या नोव्हेंबरात त्या बटणावरचा शब्द बदलून सरळ 'प्रकाशित करा' अशा अर्थाचा झाला.

त्याच सुमारास ट्विटरची मालकी बदलली आणि मॅस्टोडॉनवर गर्दी उसळली. महिन्याला येणारे 3 लाखांच्या घरात होते ते 25 लाखांवर गेले. पण त्यांतले पुष्कळ काही महिन्यांत आल्या पावली परतले. मग 2023 च्या मे महिन्यात त्यांनी आपल्या ॲपमध्ये पहिलेच बटण असे ठेवले, की ते दाबले की माणूस त्यांच्या मुख्य सर्व्हरवर थेट आत. दुसरा सर्व्हर हवा तर त्याखाली वेगळे बटण. यावर बरेच वादळ झाले.

"बरोबरच आहे," भाचा म्हणाला. "एकालाच पुढे केलं तर सगळे तिथेच जाणार. मग आमच्यात आणि बाजारात फरक काय?"

आक्षेप खोटा नव्हता. त्याला उत्तर दिले ते कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसलेल्या पोस्टमास्तरांनी. "पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला," ते म्हणाले. "मी लागलो तेव्हा दोन वर्षांचा होता. कुणी लिहायचंच नाही. पण आकडे नाहीत म्हणून आम्ही पत्रं परत नाही पाठवली. शोधून पोचवली. लोक पिनकोड शिकले ते पत्र मिळता मिळता. आधी परीक्षा, मग पत्र, असं केलं असतं तर आज एकाला तरी आला असता का?"

त्या रात्री भाच्याने सहा वर्षांत पहिल्यांदा, नव्या नावाने, पोस्टमास्तरांच्या शेजारी बसून स्वतःच्याच गावात पुन्हा प्रवेश घेतला. पांढऱ्या पानासमोर तो बराच वेळ बसला. शेवटी म्हणाला, "आजोबा, तुम्ही पाच दिवस हे बघत होतात?"

मग त्यांच्या मंडळींत तीन महिने चर्चा झाली. फुकटचे काम करणाऱ्यांची चर्चा पगारी माणसांपेक्षा लांब चालते, कारण तिला साडेपाच वाजत नाहीत. एकाने हा स्वातंत्र्यावर घाला म्हटले. एकाने ज्याला यादी वाचता येत नाही तो न आलेलाच बरा, असेही म्हटले. शेवटी ठरले ते असे : ज्याने काही निवडले नाही त्याला चार-पाच भरवशाच्या सर्व्हरांपैकी एकावर पाळीपाळीने बसवायचे, म्हणजे एकाच पंगतीत गर्दी नको. आत शिरताच त्याच्या आवडीचा एक विषय विचारायचा आणि त्यावरच्या चालू गप्पा पुढे वाढायच्या. भाषा फोनची असेल ती. बाकीचे सगळे सेटिंगमध्ये जिथल्या तिथे. नंतर गाव बदलावेसे वाटले तर अनुयायी बरोबर नेता येतात. जुने लेखन तेवढे मागे राहते. माझ्यासारख्याला ही सोयच म्हणायची.

पोस्टमास्तरांना पुन्हा तिथे न्यायला आम्हाला फार मिनतवारी करावी लागली. एकदा विटलेला पाहुणा सहज येत नाही. अखेर भाच्याच्या भिडेखातर त्यांनी फोन उघडला, विषयात 'टपाल' लिहिले आणि आत गेले. पान वाढलेले होते. पहिलाच मजकूर कुणीतरी टाकलेल्या एका जुन्या पोस्टकार्डाचा होता आणि खाली प्रश्न : "हा शिक्का कुठला, कुणी सांगेल का?"

पोस्टमास्तरांनी चष्मा वर सरकवला, पोस्टकार्ड मोठे करून पाहिले आणि खिडकीतल्या जुन्या आवाजात म्हणाले, "थांबा. हे माझंच आहे."

याला आता दोन महिने झाले. दिवेलागणीला ते आमच्याकडे येत नाहीत. कुणा कुणाचे शिक्के ओळखायचे असतात. परवा मीच वर्तमानपत्र घेऊन त्यांच्याकडे गेलो, तर फोनवरची नजर न काढता त्यांनी हाताने खुर्ची दाखवली आणि म्हणाले, "बसा. चहा हवा तर साखर दुसऱ्या खणात आहे."