सोमवारी आईची, शनिवारी आपली!

घरची स्कॉर्पिओ म्हणजे आठवडाभर आईची भाजी आणि बाबांचं देवदर्शन. पण वीकेंडला तीच भंडारदऱ्याला चक्क बेडरूम होते! फंडा एकच: जे लावाल, ते सोमवारी सकाळी निघालं पाहिजे.

मागच्या सीट दुमडा, सुताराकडून मापात प्लायची फळी कापून घ्या. वर गादी, खाली सामान. खिडक्यांना लोहचुंबकाने चिकटणारी मच्छरदाणीची जाळी. बंपरवर लोखंडी गार्ड? विसरा! केंद्राने २०१७मध्येच त्यावर बंदी आणली. कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही, असं २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानेही बजावलंय.

विल्सन धरणाच्या जलाशयाला वळसा घालून रतनवाडी गाठा. हा भाग अभयारण्याचा, त्यामुळे जंगलात गाडी घालायची नाही. गावकऱ्यांना विचारून शेतात मुक्काम करा. तिथे चिखल लागला, तर टायरची हवा ३२ वरून २२ पीएसआयवर आणा, पकड वाढते. डांबरी रस्त्याआधी छोट्या कंप्रेसरने परत भरा.

झोपताना इंजिन आणि एसी बंद, काच बोटभर उघडी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, बॉस!

रविवारी गाडी धुवा, सीट उभ्या करा. पुढच्या शनिवारी चावी हवी ना?