न पेरलेली पुडी

बीटी सरकीच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅमची साधी सरकी मिळायची. धुऱ्याकडेच्या ओळींत ती पेरायची असे. मी कधी पेरली नाही. अळीसाठी रान कशाला अडवायचे, हा माझा हिशेब! २०१७ साली बोंडे फोडून पाहिली, तर आत शेंदरी अळी.

चौकशी केली तेव्हा उमगले. पहिल्या बीटीचे विष अळीच्या आतड्यातल्या एका प्रथिनाला चिकटते आणि अळी मरते. एखाद्या अळीत त्या प्रथिनाचे जनुकच बदललेले असते; विषाला धरायला जागा मिळत नाही. भारतातल्या अळ्यांत असे बदल सापडल्याचे शास्त्रज्ञांनी २०१४ साली मांडले. नंतरच्या बियाण्यातले दुसरे विषही अळीने पचवले.

साध्या ओळींत साध्या अळ्या जगतात. त्यांचे पतंग वाचलेल्यांशी जुळले, की पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडते. अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी अशी राने राखली, पुढे वांझ पतंगही सोडले. २०१८ साली अमेरिकेतून ही अळी हटल्याचे जाहीर झाले.

उत्क्रांतीला लाखो वर्षे लागतात असे ऐकले होते. माझ्या वावरात ती पंधरा वर्षांत झाली. उद्या नवे वाण आले, तर साधी ओळ तुम्ही तरी चुकवू नका.