तक्रारीला आकडा हवा

मोबाईलने यंत्राचं व्हायब्रेशन मोजणारा माणूस दिसला की माझ्या कपाळाला आठी पडायची. सांगली-साताऱ्यातल्या साखर कारखान्यांचे फॅन आणि टर्बाइन, उपसा योजनांचे पंप तपासण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. सेन्सर बेअरिंगच्या हाउसिंगवर चुंबकाने बसवायचा, उपकरणाचं कॅलिब्रेशन वेळच्या वेळी करून घ्यायचं आणि मगच आकडा तोंडातून काढायचा, ही माझी शिस्त. खिशातल्या फोनवर विसंबणं म्हणजे कपाळाला हात लावून ताप सांगणं, असं मी चारचौघांत बोलायचो. आता बोलत नाही.

निमित्त झालं विमानाचं. लहान विमानं आमच्या भागाला नवी नाहीत. कराडजवळची विजयनगरची धावपट्टी कोयना प्रकल्पाच्या काळातली आहे. माझा भाचा विमान चालवायला शिकतो. सेस्ना 152, दोन माणसांचं विमान. ठराविक वेगाला काहीतरी थरथरतं, असं त्याला वाटत होतं. शिक्षकांच्या परवानगीने त्याने जुना फोन सीटमागच्या फ्रेमला घट्ट बांधला, उड्डाणाआधीच नोंद चालू केली आणि उतरल्यावर आलेख माझ्यासमोर धरला. अ‍ॅप होतं फायफॉक्स. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्र विद्यापीठाने काढलेलं, फुकट मिळणारं. "मामा, तुम्हीच सांगा, यात काही अर्थ आहे का?"

नाही म्हणायचं ठरवूनच मी चष्मा लावला. पण आलेखावर तीन सुळके होते, 20, 40 आणि 80 हर्ट्झला, आणि तिन्ही माझ्या ओळखीचे. या विमानाचा पंखा थेट क्रँकशाफ्टवर बसतो, मध्ये गिअर नाही. मिनिटाला 2400 फेरे म्हणजे सेकंदाला 40. पंख्याचं वजन एका बाजूला झुकलं तर 40वर दिसणार. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन फेऱ्याला दोनदा पेटतं, पंख्याला पातीही दोनच, ते 80. एक सिलिंडर मात्र दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, म्हणून एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा कमी जोर लावत असेल तर 20 वर चढतं.

मग कागद घेतला. पंख्याचा असमतोल मोजताना विमानवाले इंच प्रतिसेकंद धरतात, आणि 0.2 हा आकडा साधारण सीमेवरचा समजतात. म्हणजे सेकंदाला सुमारे 5 मिलिमीटर. 40 हर्ट्झला त्याचं त्वरण काढलं तर गुरुत्वाकर्षणाच्या तेरा टक्क्यांच्या आसपास येतं. एवढं त्वरण फोनमधल्या चिपला सहज कळतं. माझा आक्षेप गणितावर उभाच नव्हता, सवयीवर होता.

तरी एक जागा मला टोचत होती. पुष्कळ फोन सेकंदाला 200च नोंदी घेतात. तेवढ्यात 100 हर्ट्झपर्यंतचंच खरं दिसतं, त्यावरचं भलत्याच जागी उमटू शकतं. फेऱ्याला चारदा उठणारं, म्हणजे 160 हर्ट्झचं कंपन अशा आलेखावर नेमकं 40ला येऊन बसतं, म्हणजे पंख्याच्याच जागेवर. भाच्याला म्हटलं, पुढच्या वेळी 2300 फेऱ्यांवर नोंद घे. सुळका 38च्या जवळ सरकला तर तो पंख्याचाच. पण वेग कमी करूनही तो वर चढून 47च्या जवळ गेला तर तो 160वाला तोतया. पुढच्या नोंदीत सुळका खाली सरकला.

फोन काय करू शकत नाही, हेही सांगतो. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं, फोन केबिनमध्ये. म्हणून इंजिनवरचा खरा आकडा त्याला कळत नाही. असमतोल कुठल्या बाजूला आहे, वजन कुठे लावायचं, हेही कळत नाही. त्यासाठी इंजिनच्या नाकाशी सेन्सर लागतो, पातीवर चमकती पट्टी चिकटवून टॅकोमीटर लावावा लागतो, आणि सही परवानाधारक इंजिनिअरचीच लागते. शिवाय कंपन फोनलाही सोसत नाही. मोठ्या मोटरसायकलींच्या हादऱ्यांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा खुद्द अ‍ॅपलने 2021 मध्ये दिला होता. जुना फोन बांधलेलाच बरा.

एवढं सगळं असूनही माझं मत फिरलं, ते दुसऱ्याच कारणाने. भाच्याची आधीची तक्रार होती, "विमान थरथरतं." त्यावर इंजिनिअर तरी काय करणार? नव्या पायलटला सगळंच थरथरतं. "2400ला 40 हर्ट्झचा सुळका, आधीच्या नोंदीपेक्षा उंच" असं म्हटल्यावर इंजिनिअरने आपलं उपकरण बाहेर काढलं.

आणि मला आमचे पंपगृहांतले ऑपरेटर आठवले. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला लावून ऐकणारी माणसं. "साहेब, आवाज बदललाय," असं ते सांगत, साहेब म्हणत, "चालू दे." मी वर्षातून एकदोनदा जाणार, तेही बोलावलं तर. यंत्रापाशी रात्र काढणाऱ्याच्या हातात आकडा नव्हता, म्हणून त्याच्या शब्दाला वजन नव्हतं. अचूकतेच्या नावाखाली मी ती मक्तेदारी राखत होतो, आणि त्यात माझी फीही होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता ऑपरेटरांना मी सांगतो: तोच फोन, तीच जागा, तोच वेग, तोच लोड. आठवड्याला एक नोंद ठेवा आणि आकड्यापेक्षा त्यातला फरक बघा. फरक दिसला की मला बोलवा, मी माझं उपकरण घेऊन येतो.

एका गोष्टीला मात्र माझा विरोध कायम आहे. काही अ‍ॅप्स मोजून झाल्यावर हिरवा दिवा दाखवून "ठीक आहे" म्हणतात. विमान असो की पंप, फोनने शंका घ्यावी, दाखला देऊ नये. हिरव्या दिव्याचा स्क्रीनशॉट कुणी पाठवला तर मी आजही परत पाठवतो आणि मूळ आलेख मागतो.