बाटलीवरचं इंग्रजी



आजची नोंद भाजीची नाही, शब्दांची आहे. माझं शिक्षण दहावी पास. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून आलं ते 2000 साली. म्हणजे माझ्या वयाच्या बहुतेकांचं इंग्रजी सहा वर्षांचं, तेही परीक्षेपुरतं. पन्नाशीनंतर मी ते पुन्हा शिकायला घेतलंय, पण ए फॉर ॲपलपासून नाही. सफरचंद काही आपल्या गोराईत पिकत नाही. मी सुरुवात केली औषधाच्या बाटलीपासून.

कारण सांगतो. आमच्याकडे पावसाळ्यात भात, पुढे विहिरीच्या पाण्यावर माठ, पालक, मुळा. संध्याकाळी बांधलेली जुडी सकाळी बोटीने खाडी ओलांडून बोरिवलीला जाते आणि दुपारी कुणाच्या तरी ताटात असते. म्हणून माझ्या वहीतला पहिला शब्द 'वेटिंग पिरियड'. शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं, ते. दुसरा शब्द 'लेबल क्लेम', म्हणजे हे औषध कोणत्या पिकासाठी मंजूर आहे. मी पाहिलेल्या बाटल्यांवर भात, कापूस, मिरची, भेंडी असते. माठ-पालकाचं नाव क्वचितच. नाव नसेल तर ते औषध पालेभाजीवर मारायचं नाही. मी निंबोळी अर्कावर भागवतो.

मग त्रिकोण. लाल आणि पिवळ्या त्रिकोणावर 'पॉयझन' लिहिलेलं असतं, म्हणजे विष. लाल सगळ्यात जहाल, त्यावर कवटीही असते. निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन', म्हणजे जपून. हिरवा म्हणजे निर्धोक, असं आपल्यातले बरेच जण समजतात. तसं नाही. हिरवा फक्त त्यातल्या त्यात सौम्य.

शेपटीवरूनही शब्द ओळखता येतो. 'साइड' म्हणजे मारणारं. इन्सेक्टिसाइड किडीला, फंजिसाइड बुरशीला, हर्बिसाइड तणाला. हर्बिसाइडच्या पुढे 'सिलेक्टिव्ह' असेल तर ते ठरावीक तणच मारतं. त्याच्या आधी 'नॉन' लागला की हिरवं दिसेल ते जळालं, पीकसुद्धा. एका 'नॉन'वर पूर्ण वाफा उभा आहे बघा.

नावापुढची दोन अक्षरं मी हाताच्या कामावरून लक्षात ठेवतो. ईसी पाण्यात टाकलं की दुधासारखं होतं. एससी तळाला बसतं, म्हणून बाटली आधी चांगली हलवायची. डब्ल्यूपी म्हणजे पाण्यात कालवायची भुकटी. आधी थोड्या पाण्यात लगदा करायचा, मग पंपात. एसएल पाण्यात सरळ विरघळतं.

आता गंमत ऐका. माती तपासणीचा अहवाल आला तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, आपला ईसी वाढलाय."

मी म्हटलं, "अरे, यंदा ईसीची बाटली आणलीच नाही."

तो हसला. मातीचा ईसी वेगळा. ती विद्युत वाहकता, म्हणजे जमिनीत क्षार किती ते. 1 च्या आत असेल तर ठीक, 1 ते 2 मध्ये उगवणीला धोका, त्याच्या वर पीकच दबतं. खाडीकाठच्या आपल्या खाजण जमिनीला हा आकडा फार महत्त्वाचा. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-1, 2, 3 हे भाताचे वाण अशाच जमिनीसाठी काढलेत. अक्षरं तीच, पण बाटलीवर एक अर्थ आणि अहवालात दुसरा. म्हणून शब्द कुठे लिहिलाय हे आधी बघायचं.

मापाचंही तसंच. लेबलवर प्रमाण हेक्टरी असतं, आपला हिशोब गुंठ्याचा. एक हेक्टर म्हणजे ढोबळ 100 गुंठे. हेक्टरी 250 मिली असेल तर 5 गुंठ्यांना साडेबारा मिली. झाकणाच्या अंदाजाने मोजायचं नाही.

शेवटचा शब्द 'अँटिडोट', म्हणजे विषावरचा उतारा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. हातमोजे-मास्क नसणं, औषधं एकात एक मिसळणं, अशी बरीच कारणं पुढे आली. शब्द पाठ असल्याने सगळं टळतं असं मी म्हणत नाही. पण कुणाला मळमळ, चक्कर सुरू झाली तर दवाखान्यात जाताना बाटली आणि तिच्यासोबतचं पत्रक बरोबर न्यायचं. कोणतं विष, उतारा कोणता, हे डॉक्टरांना त्यावरून लगेच कळतं.

माझी पद्धत साधी आहे. आठवड्याला पाच शब्द. वहीत इंग्रजी अक्षरं, बाजूला मराठी उच्चार, तिसऱ्या रकान्यात त्या शब्दावर आपण करायचं काम. अर्थ विसरला तरी चालेल, काम विसरायचं नाही. पत्रकात मराठीही असतं, पण अक्षर इतकं बारीक की चष्म्यालाही दिसत नाही. मोबाईलवर फोटो काढा आणि मोठा करून वाचा.

कृषी अधिकारी साहेबांना एकच विनंती. बांधावर बोलताना 'पीएचआय सात दिवस' म्हणा, पण त्याला जोडून 'सात दिवस भाजी काढू नका' हेही म्हणा. दोन्ही ऐकलं की शब्दही शिकतो आणि भाजीही सुरक्षित राहते.

आणि मित्रांनो, आज घरी जी बाटली असेल तिच्यावरचे पाच शब्द लिहून काढा. अडलं तर विचारा. विचारायला लाज कसली, मीही विचारूनच शिकतोय.