नियम मोडावासा वाटला पाहिजे

फुटबॉलच्या गेममध्ये करिअर मोड सुरू केला, क्लब निवडला, की आपण मॅनेजर झालो असं वाटतं. प्रत्यक्षात आपल्या हाती मॅनेजरपेक्षा कितीतरी जास्त सत्ता आलेली असते. कोणता 17 वर्षांचा पोरगा पुढे जगातला अव्वल स्ट्रायकर होणार, हे आपल्याला आजच ठाऊक असतं; तशा याद्या इंटरनेटवर पडलेल्या असतात. मॅच हरलो तर जुना सेव्ह लोड करून संध्याकाळ पुन्हा सुरू करता येते. आणि जाब विचारणारं कोण, तर इनबॉक्समध्ये अधूनमधून येणारा संचालक मंडळाचा ईमेल. मग चौथ्या डिव्हिजनमधला क्लब थोड्याच सीझनमध्ये चॅम्पियन्स लीग जिंकतो आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी कंट्रोलर हातात घ्यावासा वाटत नाही.

यावर बहुतेक जण डिफिकल्टी वाढवतात. 'लेजंडरी'वरून 'अल्टिमेट'वर जातात, स्लायडर खालीवर करतात. त्यानं मॅच अवघड होते हे खरं; समोरचा बचाव घट्ट होतो, आपला पास अडतो. पण मॅनेजरचं काम मैदानात कमी आणि ऑफिसात जास्त, आणि तिथली आपली सत्ता तशीच राहते. 2023 मध्ये 'फिफा' हे नाव जाऊन या मालिकेचं 'ईए स्पोर्ट्स एफसी' झालं, दरवर्षी चेहरे आणि गवत जास्त खरं दिसू लागलं. तरी खऱ्या मॅनेजरला जे करता येत नाही, ते सगळं आपल्याला करता येतंच. म्हणून वास्तव हवं असेल तर ते आपणच, नियम घालून, आणावं लागतं. माझी एक साधी वही आहे. सीझन सुरू व्हायच्या आधी त्यात नियम लिहितो आणि प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारतो: माझी कोणती बेकायदा सत्ता हा काढून घेतो?

भविष्य ठाऊक असण्याची सत्ता घालवायला माझा नियम असा: अ‍ॅकॅडमीतल्या मुलाच्या पोटेन्शियलचा आकडा हा निर्णयाचा आधार धरायचा नाही. स्क्रीनवर तो पल्ला दिसतोच, डोळे मिटता येत नाहीत. पण मुलाला करार द्यायचा की नाही हे त्यानं मैदानात घालवलेल्या मिनिटांवर ठरवायचं. काळ मागे फिरवण्याची सत्ता घालवायला एकच सेव्ह, ऑटोसेव्ह कायम चालू. तिसरा नियम मला विशेष आवडतो. घरच्या मैदानावरच्या मॅच मी खेळतो, बाहेरच्या सिम करतो. संघ निवडायचा, डावपेच ठरवायचे आणि मग निकाल मुकाट्यानं पाहायचा. शिट्टी वाजल्यावर मॅनेजरच्या हाती फार थोडं उरतं, हे त्या निकालांनी मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या डिफिकल्टीनं शिकवलं नाही.

नियम घालणारे आणि पाळणारे आपणच, त्यामुळे पळवाटाही आपल्यालाच सुचतात. 'यंदा एकही खेळाडू विकत घ्यायचा नाही' असा कडक नेम करायचा आणि पाच जण लोनवर आणायचे, याला आपल्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, रताळ्याचा कीस, वर खजूर. अक्षरशः पाहिलं तर उपास मोडलेला नसतो. म्हणून मी नियम लिहिताना त्याच्याखाली तो का घातला तेही एका ओळीत लिहितो. पळवाट नियमाच्या शब्दांत बसते, कारणात बसत नाही.

आता ज्या क्लबमुळे हा सगळा विचार मला सुचला त्याच्याकडे येतो. अ‍ॅथलेटिक बिलबाओ. 1898 साली स्थापन झालेला हा क्लब शंभरहून अधिक वर्षं फक्त बास्क खेळाडू घेतो: बास्क मुलखात जन्मलेले किंवा तिथल्या क्लबांत घडलेले. स्पेन आणि फ्रान्स मिळून सात प्रांत, लोकसंख्या सुमारे तीस लाख. एवढ्या विहिरीतून पाणी काढून हा क्लब स्पेनच्या पहिल्या डिव्हिजनमधून आजवर एकदाही खाली गेलेला नाही. त्याच्यासोबत हे भाग्य फक्त रेआल माद्रिद आणि बार्सिलोनाचं. आणि असं वागायला त्यांना कोणत्याही फेडरेशननं सांगितलेलं नाही. शेजारच्या रेआल सोसिएदादचा असाच रिवाज होता. 1989 मध्ये त्यांनी लिव्हरपूलच्या जॉन ऑल्ड्रिजला घेतलं आणि तो संपला. बिलबाओनं संपवला नाही. 2006-07 मध्ये ते सतराव्या क्रमांकावर आले, म्हणजे काठावर वाचले, तरी नाही. खऱ्या फुटबॉलमध्ये कोणी करिअर मोड नियम घालून खेळत असेल तर तो हा क्लब.

गेममध्ये बिलबाओ घेतला की तो नियम आपल्याला आपल्या हातानं चालवावा लागतो. खेळाडूच्या माहितीत 'स्पेन' एवढंच असतं, प्रांत नसतो. मोठ्या खेळाडूंचं जन्मगाव शोधून काढता येतं. पण अ‍ॅकॅडमीतली मुलं गेमनं जन्माला घातलेली. स्काउटला स्पेनला पाठवता येतं, बिलबाओच्या बिस्काय प्रांतात पाठवता येत नाही. मग दर महिन्याच्या अहवालात येणारा मुलगा बिलबाओचा की सेव्हियाचा? यावर मी साप-शिडीचा फासा ठेवला आहे. करार देण्याआधी तो टाकायचा. सहा पडले तर मुलगा बास्क, नाहीतर कितीही गुणी असला तरी नाव काढून टाकायचं. स्पेनच्या लोकसंख्येशी हिशेब केला तर हे प्रमाण सढळच आहे, पण क्लबची नजर आपल्या मुलखावर जास्त बारीक असते, असं मी स्वतःला सांगतो. 94 पर्यंत पोटेन्शियल दिसणारा विंगर फाशावर तीन पडले म्हणून सोडून देताना बोटं जड होतात.

दुसरी गंमत पैशाची. स्पेनमध्ये 1985 च्या सरकारी आदेशापासून खेळाडूला ठराविक रक्कम भरून करार तोडता येतो. ती रक्कम कोणी आणून दिली की क्लबला नाही म्हणता येत नाही. 2018 च्या जानेवारीत बिलबाओचा बचावपटू लापोर्त असाच मँचेस्टर सिटीला गेला, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात चेल्सीनं बिलबाओचा गोलकीपर केपासाठी 8 कोटी युरो मोजले. म्हणून प्रत्येक खेळाडूपुढे मी वहीत एक रक्कम लिहून ठेवतो. तेवढी बोली आली की विकायचंच. मग खात्यात पैसा साचतो आणि त्याचं काय करायचं हे कळत नाही, कारण घेण्याजोगे बास्क खेळाडू मूठभर, आणि ते ज्यांच्याकडे आहेत त्यांना आपली अडचण चांगली ठाऊक. लापोर्तच्या जागी इनिगो मार्तिनेसला आणताना बिलबाओनं सोसिएदादला कराराची पूर्ण 3 कोटी 20 लाख युरो रक्कम मोजली. मीही तसंच करतो: बास्क खेळाडूसाठी घासाघीस नाही, पूर्ण किंमत. एवढा पैसा असूनही गरिबी कशी असते, हे गेममध्ये मला इथेच प्रथम दिसलं.

या नियमांची परीक्षा होते जानेवारीत. गेल्या सीझनची गोष्ट सांगतो. आमचा मुख्य सेंटर-बॅक गुडघ्याला मार लागून मेपर्यंत बाहेर गेला, दुसऱ्यावर पुढच्या मॅचची बंदी. सोसिएदाद, ओसासुना, अलावेस यांच्याकडे पाहिलं. ज्याला घेता येईल असा कोणी यायला तयार नव्हता. शोधयादीत मात्र एक ब्राझिलियन होता: 24 वर्षांचा, रेटिंग 80, किंमत आमच्या खात्यापुढे चिल्लर. बोलीच्या बटणावर कर्सर बराच वेळ होता. त्या वेळी डोक्यात जे वकिली युक्तिवाद चालतात ते ऐकण्यासारखे असतात: गेमच तर आहे, कोण पाहतंय, सहा महिन्यांपुरताच घेऊ. शेवटी अ‍ॅकॅडमीतला 17 वर्षांचा, 61 रेटिंगचा मुलगा उतरवला. आमच्या सान मामेस मैदानावर पहिल्याच मॅचमध्ये उंच बॉलचा अंदाज चुकून त्यानं पेनल्टी दिली आणि आम्ही बरोबरीत सुटलो. त्याला सांभाळायला मी बचावाची रेषा मागे घेतली, डाव्या फुलबॅकचं वर जाणं बंद केलं, मिडफिल्डमधला एक जण सतत त्याच्यापुढे उभा ठेवला. सीझन संपेपर्यंत त्याचं रेटिंग थोडंसंच चढलं. चमत्कार काही झाला नाही, आम्ही युरोपच्या जागांबाहेर राहिलो. पण संघाचा अख्खा आकार एका कच्च्या पोरासाठी बदलणं हे मॅनेजरचं काम होतं, आणि तो ब्राझिलियन घेतला असता तर ते करायची वेळच आली नसती.

नियम बदलायचाच नाही असं मी म्हणत नाही. बिलबाओचाही बदलत, रुंदावत गेला. फ्रेंच बास्क भागातला लिझाराझू 1996 मध्ये आला. लापोर्त त्या मुलखाबाहेरच्या आजाँ गावचा, पण बायोनमध्ये आणि मग बिलबाओच्या लेझामा अ‍ॅकॅडमीत घडलेला, म्हणून चालला. इनाकी आणि निको हे विल्यम्स बंधू घानाहून आलेल्या आईबापांची मुलं. एक बिलबाओत जन्मला, दुसरा पाम्प्लोनात, आणि दोघंही आज क्लबची ओळख आहेत. 2024 मध्ये कोपा देल रे जिंकून चाळीस वर्षांचा मोठ्या करंडकाचा दुष्काळ संपवणाऱ्या संघात हे दोघे होते. प्रत्येक वेळी 'आपला कोण' या प्रश्नाचं उत्तर मोठं झालं, प्रश्न तोच राहिला. म्हणून माझी वही फक्त जूनमध्ये उघडते. ऑगस्ट ते मे तिच्यात खाडाखोड नाही. कोणाच्या गुडघ्याला काही झालं तरी नाही.

नव्यानं नियम घालून खेळू पाहणाऱ्याला मी एवढंच सांगेन की यादी लांबवू नका. तीनच नियम घ्या आणि सीझन संपला की पाहा, कोणता मोडायचा मोह किती वेळा झाला. ज्याच्यामुळे बटणावर बोट थांबलं, तो ठेवा. ज्याची आठवणसुद्धा झाली नाही तो खोडून टाका. त्याच्याशिवायही तुम्ही तसेच खेळला असता.