फोटोच्या पोटातली नोंद

कुणाचाही फोटोसंग्रह लावायला घेतला की सुरुवातीला मी एकही फोटो उघडत नाही. उघडला की घरातली मंडळी भोवती जमतात आणि काम तिथंच राहतं. जुने मोबाइल, पेन ड्राइव्ह, कपाटातल्या सीडी, सगळं एका हार्ड डिस्कवर जसंच्या तसं उतरवायचं, तिची दुसरी प्रत करायची आणि मगच हात लावायचा.

तारखा लावणं बरंचसं यंत्राचं काम. कॅमेरा प्रत्येक फाइलमध्ये एक्झिफ नावाची नोंद लिहितो. तिच्यावरून फोटोंना ‘2014-05-11’ अशी नावं देता येतात. वर्ष आधी आलं की नावाचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो.

अडतं ते व्हॉट्सअ‍ॅपपाशी. तिथून नेहमीच्या पद्धतीनं आलेल्या फोटोतली ही नोंद गळून पडते. नावात असते ती तारीख फोटो काढल्याची नव्हे. तीन वर्षांनी कुणी मुंजीचा फोटो ग्रुपवर टाकला, की मुंज तीन वर्षं पुढे सरकते. जुन्या कॅमेऱ्यांचं वेगळंच. आतली बॅटरी संपली की घड्याळ मूळ तारखेवर, बहुधा 1 जानेवारीवर जातं. मग मी त्या कॅमेऱ्याच्या कार्डावर एखादा खात्रीचा दिवस शोधते. गणपती बसवतानाचा फोटो मिळाला तर फार बरं. ‘नव्या घरातला पहिला गणपती’ म्हणून घरचे वर्ष सांगतात, दिवस पंचांग सांगतं: 2012ची चतुर्थी 19 सप्टेंबरची. खऱ्याखोट्या तारखांमधला फरक एक्झिफटूल हा मोफत प्रोग्राम सगळ्या फोटोंना एकदम लावतो. मधे घड्याळ पुन्हा बिघडलं नसेल, तर बारसं, सहल, दिवाळी, सगळं आपापल्या दिवशी जाऊन बसतं. या क्षणी मला फार आनंद होतो.

हललेले, अर्धे कापलेले फोटो मी सरसकट काढत नाही. एखाद्या माणसाचा तेवढाच फोटो असतो.

नावांपाशी मात्र यंत्र थांबतं. एकच चेहरा असलेले फोटो ते शोधून देतं, पण तो चेहरा कुणाचा, हे घरातल्या आजीच सांगणार. “ही आमच्या थोरल्या वन्संची नणंद. मिरजेला दिलेली.” हे वाक्य मी फाइलच्या आतल्या मथळ्याच्या रकान्यात जसंच्या तसं लिहिते; नुसत्या अ‍ॅपमधल्या अल्बमवर विसंबत नाही. गूगलनं 2016 साली पिकासा बंद केलं. त्यात जेपेग फोटोंना दिलेले मथळे फाइलमध्येच होते, म्हणून आजही दुसऱ्या प्रोग्राममध्ये वाचता येतात. अल्बमांची रचना पिकासापाशीच राहिली.

नावं सांगणार ती घरातली जुनी माणसंच, म्हणून तारखा लावून होईपर्यंत मी आता थांबत नाही. दोन्ही प्रती झाल्या की पहिल्याच भेटीत सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसते, फोटो एकेक करून पुढे करते आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू ठेवते. त्या आवाजाच्या फाइलला फोटोचंच नाव देते आणि त्याच फोल्डरमध्ये ठेवते.