ब्रेकचे नवे लायनर बसवताना

मंडळी, दावणीला बैल असोत वा नसोत, दाराशी एखादी जुनी मोटारसायकल असतेच. कुणाची १९८५ साली आलेली सीडी हंड्रेड अजून तग धरून आहे, कुणाची वीस वर्षांची स्प्लेंडर. तीच गाडी सकाळी डेअरीला दूध नेते, दुपारी खताची गोणी आणते आणि संध्याकाळी लेकराबाळांना पाहुण्यांकडे पोचवते. अशा गाडीला मूळ कंपनीचाच भाग घाला, असे सांगणे सोपे आहे. पण तालुक्याच्या दुकानात जे मिळते आणि खिशाला परवडते तेच आपण घेतो. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते खोक्यातून काढून, न पाहता बसवणे.

गेल्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ भावजयीला मागे बसवून उतरणीला लागला होता. महिन्यापूर्वीच घातलेल्या लायनरची पट्टी सुटली, ड्रममध्ये आडवी गेली आणि मागचे चाक जागीच अडले. खरचटण्यावर निभावले, हे नशीब. चाक खोलले तेव्हा पट्टीच्या पाठीला चिकटद्रव्य निम्म्याच भागात लागलेले दिसले. म्हणून सांगतो, नवे लायनर घेताना दुकानातच पट्टीच्या कडेने नख फिरवा. कड उचललेली किंवा चीर पडलेली असेल तर तिथल्या तिथे परत करा.

दुसरी गोष्ट मापाची. जुना आणि नवा जोड पाठीला पाठ लावून बघा. मग नवा जोड ड्रममध्ये हाताने धरून बघा. ड्रमही घासून मोठा होत असतो. पुष्कळ गाड्यांच्या ड्रममध्ये जास्तीत जास्त किती व्यास चालेल तो आकडा कोरलेला असतो. त्यापुढे गेलेल्या किंवा खोल चरे पडलेल्या ड्रमला कितीही महाग लायनर घातले तरी ब्रेक लागणार नाही. लायनर नेहमी जोडीने बदलावेत. स्प्रिंगा सैल पडल्या असतील तर त्याही बदलाव्यात.

आतली काळी भुकटी तोंडाने फुंकू नका, हवेच्या नळीनेही उडवू नका. लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. ओल्या फडक्याने पुसा आणि पोरांना त्या वेळी जवळ बसू देऊ नका. कॅमला आणि खुंटीला ग्रीसचे नुसते बोट लावा. पट्टीवर ग्रीसचा थेंबही जाता कामा नये.

आता एक खोड सांगतो, ती गावोगाव दिसते. लायनर झिजले की मागचा नट आवळत जातात. नट संपला की ब्रेकचा आर्म काढून एक दाता पुढे बसवतात. ब्रेक पुन्हा लागू लागतो आणि मालक खूश होतो. पण आत पट्टी संपत आलेली असते. कॅम जास्त फिरतो आणि एखाद्या वेळी जोराने दाबल्यावर माघारी येतच नाही, चाक जखडते. आर्म आणि कॅमवर जुळणीच्या खुणा असतात, त्या समोरासमोरच हव्यात. ड्रमच्या झाकणावर बाण असेल तर ब्रेक पूर्ण दाबून पाहा. बाण खुणेला टेकला की लायनर संपले. मग नट आवळणे म्हणजे रोग झाकणे.

बसवून झाल्यावर चाक हाताने मोकळे फिरले पाहिजे. अशा बहुतेक गाड्यांत मागचे पायडल २० ते ३० मिलिमीटर मोकळे खाली जावे. नवी पट्टी जुन्या ड्रमला लगेच पुरती टेकत नाही. नवे पायताण पायाला बसायला चार दिवस लागतात, तसेच हे. म्हणून आधी मोकळ्या रस्त्यावर, हळू वेगात, एकट्याने चालवून पाहा. थोडे चालवून ड्रमजवळ हात न्या. फार तापला असेल तर ब्रेक घासतो आहे, नट सैल करा.

ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते. त्यात ४० लिटरचे दोन कॅन म्हणजे ८० किलोंहून जास्त भार मागे असतो. नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस किंवा दोन्ही चाकांना एकत्र लागणारे ब्रेक सक्तीचे झाले. आपल्या जुन्या गाडीला ती सोय नाही. तिला आपलीच नजर.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे मळतो. त्याच दिवशी गाडीचे चाकही उतरवून लायनर पाहायची रीत घरात पाडा. अर्ध्या तासाचे काम आहे.